कुर्त्याला खिसा लावायचाय: वरून, शिवणीत की आतून?

नागपुरात बर्डीच्या बाजारातल्या गर्दीत एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात पिशवी, गाडीची किल्ली बोटात अडकवलेली आणि मेट्रोचं कार्ड पर्सच्या तळाशी. बिनखिशाच्या कुर्त्यात ही कसरत रोजची. घरातल्या जुन्या कापडातून हाताने खिसा लावता येतो. पण कुठला लावायचा, हे आपल्या आवडीपेक्षा कुर्त्याच्या कापडावर जास्त ठरतं. मोबाइलचं वजन 200 ग्रॅमच्या आसपास असतं आणि ते एकाच बाजूला लोंबणार असतं. जाड सुती कुर्ता ते पेलतो. रेयॉन लोंबतो, आणि ओला झाला की त्याची ताकद आणखी कमी होते. नागपूरच्या मे महिन्यात 45 अंशांत तो घामाने ओला होणारच.

वरून लावलेला खिसा सगळ्यात सोपा, तासाभरात होतो. मोबाइलसाठी 14 सेंमी रुंद आणि 21 सेंमी उंच तुकडा कापा. वरच्या काठाला 3 सेंमी आणि बाकी तिन्ही बाजूंना 1 सेंमी दुमडलं की 12 बाय 17 चा खिसा उरतो. जुन्या जीन्सचा मागचा खिसा अख्खा उसवून घेतला तर दुमडायचंही काम नाही. त्याच्या कडेला जुन्या शिलाईची भोकं दिसतात, सुई त्यांतूनच घाला. जाड कापडात सुई रेटावी लागत नाही आणि ओळही सरळ येते. जीन्सचा रंग जातो का, ते आधी ओलं पांढरं फडकं दाबून बघा. हा खिसा फाटतो तो वरच्या दोन कोपऱ्यांत, आणि फाटतो तो कुर्ता, खिसा नव्हे. म्हणून कोपऱ्यांच्या मागे, आतल्या बाजूने, 3 सेंमीचे सुती चौकोन ठेवून सगळ्या थरांतून टाके घाला. दिसायला मात्र तो घरगुतीच दिसतो. ऑफिसच्या कुर्त्याला शोभेलच असं नाही.

शिवणीतला खिसा बाहेरून दिसत नाही आणि हात सहज आत जातो. जाड सुती कुर्त्याला आम्ही हाच सुचवू. दोन्ही बाजूंना लावायला अडीच तास धरा. एका खिशाला 30 बाय 17 सेंमीचे दोन तुकडे लागतात. जुनी सुती साडी मऊ, त्यामुळे कमरेवर फुगवटा येत नाही, पण किल्ल्यांनी तिला भोकं पडतात. किल्ल्या ठेवायच्या असतील तर जुनी चादर घ्या. वर्षानुवर्षं धुतलेली चादर आटायची तेवढी आटलेली असते, गांधीबागेतून आणलेलं नवं अस्तर आधी भिजवून आटवावं लागतं. कापड उजेडासमोर धरून बघा. विरळ झालेला भाग सोडून द्या.

साडी वापरत असाल तर तुकडे असे कापा की काठ खिशाच्या तोंडाला येईल. तयार कुर्त्यांच्या शिवणीत इंटरलॉकनंतर दाबाला, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेल्या कडेला, जेमतेम अर्धा-पाऊण सेंटिमीटर कापड उरतं. काठाचे धागे सुटत नसल्याने तेवढ्यावरही शिवण टिकते. जरीचा काठ नको, हाताला टोचतो.

तोंड 15 सेंमीचं ठेवा, आणि ते बाजूचा कट सुरू होतो त्याच्या 3 सेंमी वर संपू द्या. आता क्रम महत्त्वाचा. आधी तोंडाच्या दोन्ही टोकांना पाच-सहा उलट टाके (सुई प्रत्येक वेळी थोडी मागे नेऊन घातलेले) एकावर एक घालून शिवण पक्की करा, मगच मधली उसवा. आधी उसवली तर पुढची शिवण आपोआप सुटत जाते. एक तुकडा पुढच्या दाबाला, दुसरा मागच्या दाबाला, सुलट बाजूला सुलट लावून जोडा. मग दोन्ही तुकडे भोवतीने जोडून खिशाची पिशवी करा. टाके उलट टिपेचे, सेंटिमीटरला तीन-चार. धावदोऱ्याने पिशवी लवकर सुटते. दोरा हात ते कोपर एवढाच घ्या, मेणबत्तीवरून ओढला की गुंतत नाही.

पिशवीचा खालचा भाग कटातून डोकावतो, हा या खिशाचा दोष. तिची कड पुढच्या पल्ल्याच्या दुमडीला चार-पाच चोरटाक्यांनी अडकवा. गाडीवर बसल्यावर तोंड आडवं होऊन मोबाइल सरकतो, त्यासाठी मधोमध एक टिचबटण लावा. कट कमरेपर्यंत वर असेल तर हा खिसा सोडाच.

राहिला चोरखिसा, सलवारच्या किंवा परकराच्या नेफ्याखाली आतून लावलेला. इथे वजन नाडीवर, म्हणजे कमरेवर येतं, त्यामुळे कापड ओढलं जात नाही. कनवटीला पैसे खोचायची सोय होती, तिचंच हे शिवलेलं रूप. मात्र साडीत चारचौघांत मोबाइल काढायला तो उपयोगाचा नाही, पैसे आणि घराच्या किल्लीपुरताच ठेवा. घामाने नोटा भिजतात, म्हणून अंगाकडची बाजू मोडक्या छत्रीच्या कापडाची आणि दुसरी सुती करा. छत्रीच्या कापडावर टाचणीची भोकं कायमची राहतात, तेव्हा ते कपडे वाळवायच्या चिमट्यांनी धरा आणि कडा दोनदा दुमडा.

कुर्ता रेयॉनचा आणि मोबाइल तर ठेवायचाच असेल, तर कुर्त्याला हात लावू नका. सुती सलवारच्या बाजूच्या शिवणीत खिसा घ्या आणि त्याची वरची कड नेफ्यात अडकवून शिवा.