मोटरचे बेअरिंग स्वतः बदलण्याचा संच: बेअरिंग उत्तम, पुलर निकामी

इलेक्ट्रिक गाडीच्या मोटरचे झिजलेले बेअरिंग घरच्या घरी बदलता यावे म्हणून विकल्या जाणाऱ्या एका संचाचे हे परीक्षण आहे. संचात सिरॅमिक छऱ्यांची दोन बेअरिंग, एक ऑईल सील (तेल बाहेर गळू न देणारी कडी), बेअरिंग ओढून काढणारा तीन पंज्यांचा पुलर, बेअरिंग बसवण्याची ॲल्युमिनियमची नळी आणि चार पानांचे माहितीपत्रक मिळते. हे काम चार तासांत उरकते असा विक्रेत्याचा दावा आहे. मला त्यासाठी शनिवार-रविवार धरून चार दिवस लागले, आणि त्यातला निम्मा वेळ पुलरने खाल्ला.

आधी आवाजाविषयी, कारण चुकीच्या निदानावर हा सगळा खटाटोप केला तर तो वाया जातो. माझ्या गाडीत ताशी चाळीस किलोमीटरच्या पुढे एक खरखरीत घरघर सुरू होई आणि वेगाबरोबर तिची पट्टी चढत जाई. पाय पॅडलवर असो वा काढलेला असो, तिच्यात फरक पडत नसे. गिअरचा आवाज भार पडला की बदलतो आणि चाकाच्या बेअरिंगचा आवाज बहुधा वळणावर कमी-जास्त होतो. ही दोन्ही लक्षणे नव्हती, म्हणून संशय मोटरवर गेला. मोटर उतरवल्यावर रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, हाताने फिरवला तेव्हा बोटांना बारीक खाचा जाणवल्या आणि शंका फिटली.

जुने बेअरिंग कापून पाहिले तेव्हा बाहेरच्या रेसवर (छरे जिच्यावरून धावतात त्या कडीवर) शिडीच्या पायऱ्यांसारखे, एकसारख्या अंतरावरचे राखाडी आडवे पट्टे दिसले. ही नुसती घर्षणाची झीज नव्हे. बॅटरीची वीज मोटरला पुरवणारा इन्व्हर्टर सेकंदाला हजारो वेळा विद्युतदाब चालू-बंद करतो, त्यामुळे शाफ्टवर विद्युतदाब साचतो, आणि तो ग्रीसचा पातळ थर भेदून छऱ्यांमधून मोटरच्या कवचाकडे जातो. अशा प्रत्येक ठिणगीने पोलादाचा सूक्ष्म कण वितळतो, आणि अशा असंख्य खड्ड्यांतून पुढे हे पट्टे उमटतात. संचातल्या बेअरिंगचे छरे सिलिकॉन नायट्राइडचे आहेत. त्यांतून वीज वाहत नाही, शिवाय ते पोलादी छऱ्यांच्या सुमारे चाळीस टक्के वजनाचे असल्याने जास्त वेगात रेसवर कमी दाब देतात. या कामासाठी हीच निवड योग्य आहे. मात्र माहितीपत्रकात ‘आता शाफ्टच्या अर्थिंग रिंगची गरज उरत नाही’ असे जे लिहिले आहे, ते मला मुळीच पटले नाही. (ही रिंग शाफ्टवरची वीज थेट कवचाकडे वाहून नेते.) बेअरिंगची वाट बंद झाली म्हणून शाफ्टवरचा विद्युतदाब नाहीसा होत नाही. तो गिअरबॉक्सच्या बेअरिंगची वाट शोधतो. मी जुनी रिंग साफ करून पुन्हा बसवली.

मापांबाबत तक्रार नाही. माझ्या मोटरला एका टोकाला ६२०७ आणि दुसऱ्या टोकाला ६२०६ क्रमांकाचे बेअरिंग लागते. व्हर्नियरने आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजली तेव्हा पहिले ३५ × ७२ × १७ आणि दुसरे ३० × ६२ × १६ मिलिमीटर भरले, म्हणजे काटेकोर. दोन्हींवर सी-३ची खूण आहे. गरम होऊन प्रसरण पावणाऱ्या मोटरला आतली ही थोडी जादा मोकळीक हवीच असते, त्यामुळे जुन्या बेअरिंगवरची खूण जुळवल्याशिवाय कोणताही संच मागवू नये.

पुलर मात्र शोभेचा आहे. त्याचे पंजे इतके जाड आहेत की बेअरिंग आणि रोटर यांच्यामधल्या फटीत ते शिरतच नाहीत, आणि कसेबसे बाहेरच्या रेसच्या कडेला अडकतात. दुसऱ्याच प्रयत्नात एक पंजा निसटला आणि ऑईल सील जिथे टेकते नेमक्या त्या जागी शाफ्टवर नखाला जाणवेल असा ओरखडा उठला. बारीक पॉलिश पेपर शाफ्टभोवती गोल फिरवून तो घालवण्यात एक दुपार गेली. शेवटी दोन अर्ध्या तबकड्यांचा सेपरेटर उसना आणला, तो बेअरिंगच्या मागे कसला, आणि दहा मिनिटांत बेअरिंग सरळ बाहेर आले.

त्याहून गंभीर उणीव म्हणजे रोटर बाहेर काढण्यासाठी संचात काहीच नाही. माझ्या मोटरचा रोटर कायम चुंबकांचा आहे आणि रोटर व त्याभोवतीचा तारांच्या गुंडाळ्यांचा स्थिर भाग, म्हणजे स्टेटर, यांच्यात जेमतेम मिलिमीटरभर फट असते. एका बाजूचे बेअरिंग सुटताच रोटर झटक्याने स्टेटरला चिकटतो. मध्ये बोट असेल तर चेंगरते, आणि तारांचे इनॅमल खरवडले जाण्याची भीती वेगळी. मी मोटर उभी केली, फटीत पातळ प्लास्टिकचा पत्रा गुंडाळून सरकवला आणि चेन-पुलीने रोटर इंचाइंचाने वर घेतला. बाहेर आल्यावर त्याला चिकटलेला लोखंडाचा बारीक चुरा चिकटपट्टीने टिपून काढायला पाऊण तास लागला. ही सोय नसेल तर एवढा टप्पा मोटर रिवाइंडिंग करणाऱ्याकडून करून घेण्यात कमीपणा नाही.

विजेच्या धोक्याबद्दल माहितीपत्रकात एकच ओळ आहे, आणि हे मला बेजबाबदारपणाचे वाटते. बारा व्होल्टच्या बॅटरीची ऋण तार काढणे, मोठ्या बॅटरीचा वीजमार्ग तोडणारा सर्व्हिस प्लग उपसून स्वतःच्या खिशात ठेवणे, कपॅसिटर रिकामे होण्यासाठी निदान दहा मिनिटे थांबणे, आणि हजार व्होल्टचे रबरी हातमोजे हवा भरून तपासल्यावरच घालणे, एवढे तरी छापायला हवे होते. मल्टिमीटर शून्य दाखवतो तेव्हा तो बिघडलेला नाही याची खात्री चालू स्रोतावर आधी आणि नंतर करावी लागते. हे काम करताना मी कोणालातरी शेजारी उभे ठेवले होते.

बसवणीत संचाने पुन्हा भरपाई केली. सील असलेले बेअरिंग ८० अंशांच्या पलीकडे तापवू नये, पण तेवढ्यानेही काम होते: साठ अंशांच्या फरकाने ३५ मिलिमीटरचे भोक सुमारे २५ मायक्रॉनने मोठे होते. बेअरिंग शाफ्टवर सरकत खाली गेले आणि टक् असा आवाज करून शाफ्टच्या खांद्याला (जाड होणाऱ्या पायरीला) टेकले. ॲल्युमिनियमची नळी फक्त आतल्या रेसवर बसते, त्यामुळे छऱ्यांवर जोर येत नाही. तिने बेअरिंग थंड होईपर्यंत दाबून धरले, कारण आकसताना ते खांद्यापासून किंचित मागे सरते. कवचाच्या तळाचा लाटांसारखा वायसर मी विसरलोच होतो, झाकण लावताना आठवला. रोटरची स्थिती सांगणाऱ्या रिझॉल्व्हरवर उतरवण्याआधी खूण केली होती, तरी जोडणीनंतर स्कॅनरने त्याचे कॅलिब्रेशन करावे लागले. याचा उल्लेख चार पानांत कुठेही नाही.

त्यानंतर गाडी सात हजार किलोमीटर चालली आहे. घरघर गेली, इन्व्हर्टरची बारीक शीळ तेवढी ऐकू येते, आणि सील कोरडे आहे. बेअरिंग आणि नळी सुटी मिळत असतील तर तेवढीच घ्यावीत. पुलरची तक्रार केल्यावर विक्रेत्याने विनाअट दुसरा पाठवला; त्याचेही पंजे तितकेच जाड आहेत.