प्लेट कोरल: आखूड स्पर्शिकांचं घ्यावं की लांब?

प्लेट कोरल म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये पाळायचं, तबकडीच्या आकाराचं प्रवाळ. मत्स्यालयाच्या दुकानात त्याचे दोन्ही प्रकार शेजारीशेजारी ठेवलेले असतात. एक हिरवं किंवा केशरी, आखूड स्पर्शिकांचं, तबकडीवरच्या रेघा स्पष्ट दिसणारं: फंजिया, नाहीतर त्याच्याच कुळातलं सायक्लोसेरिस. दुसरं हेलिओफंजिया. त्याच्या फिकट टोकांच्या लांब स्पर्शिका पाण्यात डोलत असतात आणि नवख्याला ते समुद्रफूलच वाटतं. नजर त्याच्यावरच जाते, माझीही गेली होती. तरीही पहिलंच प्लेट कोरल घेत असाल तर आखूडवालं घ्या, असं मी सांगेन.

मी मेलबर्नला राहते आणि परदेशातल्या मराठी हौशी मंडळींसाठी हे लिहितेय. भारतात सगळी कठीण प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. पुण्या-मुंबईत कुणी "आणून देतो" म्हणालं, तरी कृपा करून घेऊ नका.

पाण्याच्या बाबतीत दोघांत निवडण्यासारखं काही नाही. तापमान २५ अंश, विशिष्ट गुरुत्व १.०२५, अल्कलिनिटी ८ ते ९ dKH, कॅल्शियम ४२० पीपीएमच्या आसपास, मॅग्नेशियम १३०० पीपीएम. नायट्रेट अगदी शून्यावर नको. उजेड दोघांनाही मध्यमच लागतो.

खरा फरक अंगाचा आहे. प्लेट कोरल म्हणजे एकच प्राणी, बहुधा एकच तोंड, आणि मोठं झाल्यावर ते कशालाच चिकटलेलं नसतं. खाली पात्यांसारख्या उभ्या कडांचा सांगाडा आणि त्यावर मांस. फंजियाचं मांस पातळ आणि सांगाड्याला धरून असतं. हेलिओफंजियाचं जाड असतं, पाण्याने टम्म फुगतं, आणि त्याच्या सांगाड्याचे दातही मोठे असतात. फुगलेलं असताना ते पाण्याबाहेर काढलं, की पाण्याच्या वजनाने मांस त्या दातांवर ओढलं जातं आणि फाटतं.

माझ्या पहिल्या हेलिओफंजियाचं हेच झालं. पिशवीतून वरून उचललं, तेव्हा कडेला नखाएवढी चीर पडली. तिसऱ्या दिवशी तिथे तपकिरी बुळबुळीत थर आला, आणि टँकवर वाकलं की कुजका वास यायचा. आठवड्याभरात नुसता सांगाडा उरला. म्हणून आता पाण्यातच हलकेच स्पर्श करून ते आक्रसेपर्यंत थांबते, मग खालून तळहाताने धरते आणि पाण्याखालीच पिशवीतून टँकमध्ये सरकवते. फंजियाशीही असंच वागावं, पण ते एखादी चूक पोटात घालतं.

जागा दोघांनाही बारीक वाळूवरच. खडकावर ठेवलं तर फुगता-आक्रसताना अंग घासलं जातं, शिवाय खाली पडायची भीती. फंजियाच्या अंगावर वाळू पडली तर ते फुगून ती झटकतं, आणि हळूहळू सरकतंही. माझं एका रात्रीत चार बोटं सरकलेलं पाहिलंय, त्यामुळे वेव्हमेकरला, म्हणजे पाणी हलवणाऱ्या पंपाला, जाळी बसवूनच ठेवा. हेलिओफंजियाला त्याहून मोकळी जागा लागते: तबकडी तळहाताएवढी असली तरी फुलल्यावर ताटाएवढी होते आणि शेजारच्या कोरलला डंख बसतो. स्पर्शिका डोलाव्यात, एका बाजूला लोळू नयेत, इतकाच प्रवाह ठेवा. क्लाउनफिश असेल तर तो त्यातच घर करू बघतो, आणि सतत घासला गेल्याने कोरल उघडायचंच बंद होतं.

खाण्यात मात्र लांबवालं सरस. मायसिसचा (कोळंबीसारख्या इवल्या जीवाचा) तुकडा स्पर्शिकांना लागला की काही मिनिटांत तोंडाशी पोचतो. आखूडवालं चिकट स्रावावरून घास सावकाश तोंडाकडे नेतं, तेवढ्यात कोळंबी तो पळवते. मी प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून अर्धा तास त्याच्यावर उपडा ठेवते. आठवड्यातून एक-दोनदा, दिवे मालवल्यावर, एवढं पुरतं.

टँकला वर्ष उलटलं असेल, वाळूत हातभर जागा रिकामी असेल आणि रोज दहा मिनिटं समोर बसून बघणार असाल, तर हेलिओफंजिया जरूर आणा. दुकानात मात्र कडा नीट बघा. कुठेही पांढरा सांगाडा उघडा दिसला, तर कितीही स्वस्त असलं तरी नको.

आणि दोघांपैकी कुठलंही गेलं, तरी सांगाडा फेकू नका. माझ्या त्या मेलेल्या तबकडीवर चार महिन्यांनी मसुराच्या डाळीएवढे तीन ठिपके दिसले. भिंगातून पाहिलं तर प्रत्येकाला तोंड होतं, आणि भोवती इवल्याशा स्पर्शिका, टोकं फिकट.