वॉकर, ग्रॅब बार, कमोडची उंच सीट आणि ट्रान्सफर बेल्ट: नागपूरचा उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

चारही वस्तू हिवाळ्यात घरात आल्या, आता पावसाळा संपत आलाय. (ग्रॅब बार म्हणजे भिंतीला लावलेली धरायची दांडी, ट्रान्सफर बेल्ट म्हणजे माणसाला उठवताना धरायचा कमरेचा पट्टा.) वापरणारी व्यक्ती पंचाहत्तरीतली, खुब्याच्या ऑपरेशननंतर वॉकरवर चालणारी, वजन 68 किलो. घर महाल भागातलं जुनं. खोल्यांत घासून गुळगुळीत झालेली कोटा फरशी, बाथरूमला मागाहून लावलेल्या टाइल्स. हे आधी सांगायचं कारण असं, की ही साधनं दुकानात जशी वागतात तशी घरात वागत नाहीत. फरशी, भिंत आणि दाराची रुंदी यांच्यावर निम्मं काम अवलंबून असतं, आणि खरेदीच्या वेळी नेमकं तेच कोणी विचारत नाही.

वॉकर साधा, घडीचा, ॲल्युमिनियमचा, बिनचाकी. वजन तीन किलोच्या आत. उंची लावताना घरात रोज घालायच्या चपला पायात हव्यात. सरळ उभं राहून हात मोकळे सोडले की मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी; मग मूठ धरल्यावर कोपर 15 ते 30 अंशांत वाकतो. मूठ उंच राहिली तर खांदे वर चढतात आणि संध्याकाळपर्यंत मान आखडते. ठेंगणी राहिली तर माणूस पुढे वाकून चालतो. वॉकरच्या पायांना साधारण इंचाइंचावर भोकं असतात. चारही बटणं सारख्याच भोकातून पूर्ण बाहेर आली आहेत का, हे बोट फिरवूनच पाहावं. अर्धवट आलेलं बटण नुसतं बघून कळत नाही आणि वजन पडलं की आत सरकतं. चालायचा क्रम असा: आधी वॉकर हातभर पुढे, चारही पाय टेकले की ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. वॉकरच्या पुढच्या दांडीला पोट टेकेल इतकं आत शिरू देऊ नका, तोल मागे जातो.

आता खरी गोष्ट, वॉकरच्या पायांखालचे रबरी बुश. नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि घरोघरी कूलर चालू असतो. टाकी भरताना पाणी सांडतं, कूलरच्या बाजूच्या गवताच्या ताट्यांमधून थेंब उडतात, संध्याकाळी अंगणात पाणी मारलं की ओली पावलं घरात येतात. ओल्या कोटा फरशीवर बुशाच्या तळाच्या खाचाच काय ती पकड देतात, कारण दाबाखालचं पाणी त्या खाचांतूनच बाजूला निघतं. खाचा झिजून तळ सपाट झाला की पाण्याचा पातळ थर मधेच अडकतो आणि वॉकर सरळ घसरतो. त्यात वॉकर दुपारी उन्हात राहिला तर रबर कडक पडतं. नखानं दाबून बघा: खळगा पडत नसेल किंवा तळ चकचकीत दिसत असेल तर खाचा शिल्लक असल्या तरी बुश बदला. आमचे चारही बुश उन्हाळा संपायच्या आतच बदलावे लागले.

बदलताना दोन गोष्टी जपा. पाइपाचं बाहेरचं माप घ्या. व्हर्नियर नसेल तर दोरा गुंडाळून त्याची लांबी 3.14 ने भागा. 78 ते 79 मिमी दोरा लागला तर पाइप 25 मिमीचा, 69 लागला तर 22 चा. आणि बुशाच्या आत तळाशी पोलादी वायसर आहे का ते पाहा. नसेल तर पाइपाची धार रबर आतून कापत जाते आणि एके दिवशी पाइप थेट फरशीवर टेकतो. बसवताना साबण लावू नका, साध्या पाण्यानं ओला करून पिळत चढवा. चारही एकदम बदला, नाहीतर वॉकर डुलतो. कूलरची जागाही बदलली पाहिजे: पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या वाटेत त्याचं पाणीही नको आणि वायरही नको.

मुठींवरचा फोम घामानं भिजून मे अखेरीस भुगा व्हायला लागला. त्यावर बॅडमिंटन रॅकेटची टॉवेल ग्रिप घट्ट गुंडाळली. घाम शोषते, स्वस्त आहे आणि मळली की बदलता येते.

ग्रॅब बार लावण्याआधी कमोडची उंच सीट बसवा. हा क्रम उलटा झाला तर बारची उंची चुकते आणि टाइल पुन्हा फोडावी लागते. कमोड साडेपंधरा इंच होता. खुब्याचं ऑपरेशन झालेल्यांना सांधा 90 अंशांपेक्षा जास्त वाकवू नका असं बहुतेक डॉक्टर सांगतात, म्हणजे बसल्यावर खुबा गुडघ्याच्या वर राहायला हवा. गुडघ्यामागच्या खळीपासून जमिनीपर्यंत मोजा आणि त्याहून दोनेक इंच वर सीट धरा. इथे 4 इंचांची सीट बरोबर बसली. 6 इंचांची घेतली असती तर टाचा अधांतरी राहिल्या असत्या, आणि टाचा टेकल्याशिवाय उठायला जोर येत नाही. सीटचा दोष एकच, पण मोठा: बाजूचे क्लॅम्प सैल होतात. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर क्लॅम्पखाली बसतो आणि सीट आडवी सरकू लागते. आठवड्याला एकदा काढून व्हिनेगरनं पुसा आणि पुन्हा आवळा. उठताना शरीर आधी एका बाजूला झुकतं, त्यामुळे सीट हलते ती नेमकी त्या क्षणी.

बार सीटच्या साधारण 8 इंच वर, बाजूच्या भिंतीवर आडवा. जाडी 32 मिमी, भिंतीपासून अंतर 38 मिमी. अंतर कमी असेल तर बोटांची पेरं घासतात. जास्त असेल तर घसरताना हात कोपरापर्यंत मागे जाऊन अडकतो आणि हाड मोडू शकतं. स्टेनलेस स्टील 304 प्रतीचं घ्या आणि बिलावर तसं लिहून घ्या. लोहचुंबकाच्या परीक्षेवर विसंबू नका, हलक्या प्रतीच्या 202 लाही चुंबक सहसा चिकटत नाही. वेल्डिंगपाशी तांबूस डाग दिसू लागले की मगच ते कळतं.

सोबत मिळणारे स्क्रू बाजूला ठेवा. टाइल 8 मिमी, खालचा मसाला आणि प्लास्टर मिळून 25 ते 30. म्हणजे 50 मिमीचा स्क्रू विटेत जेमतेम दीड सेंटीमीटर जातो आणि सगळा भार प्लास्टरवर येतो. इतवारीतल्या लोहाओळीत 75-80 मिमीचे स्टेनलेस स्क्रू आणि 10 मिमीच्या नायलॉन गिट्ट्या (भोकात स्क्रू धरून ठेवणारे प्लग) मिळतात. टाइलला भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद, टाइल पार झाल्यावर चालू. भुकटी लाल येत असेल तर वीट आहे; मधेच राखाडी झाली तर ड्रिल सांध्यात गेलंय, जागा बदला. नव्या फ्लॅट स्कीममध्ये पांढरी, मऊ भुकटी आली तर हलके एएसी ब्लॉक आहेत. तिथे गिट्टी नुसती फिरते, केमिकल अँकर (भोकात रसायन भरून चिकटवलेला बोल्ट) लावा किंवा भिंतीपलीकडे पट्टी देऊन आरपार बोल्ट टाका. बसवल्यावर घरातल्या सगळ्यात वजनदार माणसानं बारला लोंबकळून खाली आणि मग बाहेर खेचून बघावं. रबरी चकत्यांनी चिकटणारे बार वजनासाठी वापरूच नका. टॉवेल रॉडही नाही.

बाथरूमचं दार 27 इंच, वॉकर 24. निघतो, पण पेरं चौकटीला लागतात. 24 इंचांच्या दारात तो अडकणारच. तिथे दाराच्या आत एक उभा बार लावा आणि वॉकर बाहेर सोडा. रोलेटर, म्हणजे ब्रेकवाला चाकांचा वॉकर, इथे जमला नाही: गट्टूंच्या (फरसबंदीच्या सिमेंटच्या ठोकळ्यांच्या) फटीत पुढची लहान चाकं अडतात, आणि जो माणूस हातांवर सगळं वजन टाकतो त्याच्या हाताखालून तो पळतो.

ट्रान्सफर बेल्ट चारांत सगळ्यात स्वस्त, आणि तो सांभाळणाऱ्याची कंबर वाचवतो. माणूस हातानं उचलायचा तर अमेरिकेच्या नायोश या कामगार-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या तज्ज्ञांनी सुचवलेली मर्यादा आहे सुमारे 16 किलो, तीही सगळं अनुकूल असताना. 68 किलोच्या माणसाला उचलायचं नाहीच, उठायला दिशा द्यायची. बेल्ट 2 इंच रुंद, कपड्यांवरून कमरेला, दोन बोटं शिरतील इतका घट्ट. बक्कल पुढे पण मधोमध नको. पोटाचं ताजं ऑपरेशन असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आधी खुर्चीच्या कडेपर्यंत सरकवा, पावलं गुडघ्यांच्या मागे घ्या, मग ‘नाक पायाच्या बोटांच्या पुढे’ इतकं वाकायला सांगा; खुब्याला 90 अंशांची मर्यादा सांगितली असेल तर मात्र इतकं वाकवू नका. तळहात वर करून बेल्टच्या खालून धरा, स्वतःचे गुडघे वाकवा, तीन म्हटल्यावर दोघांनी एकदम. बगलेत हात घालून ओढणं बंद करा. म्हातारा खांदा त्यानं निखळतो.

सुती पट्टा पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही आणि बक्कलचे दात गंजून पट्टा निसटू लागतो, त्यामुळे जुलैत आम्ही प्लास्टिक बक्कलचा नायलॉन पट्टा घेतला. धंतोली, रामदासपेठेत आणि मेडिकल चौकाच्या आसपास सर्जिकल दुकानं आहेत. घेताना बुश आणि क्लॅम्प सुटे मिळतात का, एवढं विचारून घ्या. वय 65 पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत अशा साधनांसाठी एकदाच 3000 रुपये खात्यात मिळण्याची तरतूद आहे. त्यात चांगला वॉकर, बुशांचा जास्तीचा संच आणि बेल्ट बसतो.