काढा, धागा आणि छोटा छेद : शांघायमधले आठ महिने

आधी वासाबद्दल सांगते. काढ्याचं पाकीट गरम पाण्यात ठेवलं की घरभर कुजक्या पाल्याचा वास सुटायचा आणि लेक नाक धरून म्हणायची, "आई, तुझा चहा आला." दिवसातून दोनदा, चार महिने.

आजाराचं नाव ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस, म्हणजे स्तनाची एक चिवट सूज. मार्चमध्ये डाव्या स्तनात टणक गाठ आली, मग लाली, मग पू. अंगावर पाजणं थांबून अडीच वर्षं झाली होती, म्हणजे दूध साठून आलेली सूज नव्हे. पहिल्या दवाखान्यात तीन आठवडे अँटिबायोटिक्स गिळली, फरक शून्य. सुईने तुकडा काढून तपासल्यावर कळलं की कॅन्सर नाही. पुण्याच्या डॉक्टर मावसबहिणीचा फोनवरचा पहिला प्रश्न, "टीबीचं बघितलं का गं?" तेही बघून झालं होतं. काढा वगैरे सगळं त्यानंतर. हा क्रम कुणी उलटा करू नका.

स्टेरॉइडचा पर्याय होता, पण माझी साखर आधीच काठावर. म्हणून चिनी वैद्यकाकडे वळले. चिनी वैद्यकात शस्त्रक्रियेचाही वेगळा विभाग असतो, हे मला इथे राहूनही ठाऊक नव्हतं. शांघायच्या गू या वैद्य घराण्याची ती जुनी परंपरा. त्यातल्या गू बोहुआ यांनी स्तनातल्या अशा नाडीव्रणांवर (आत खोल बोगदा असलेल्या, वाहत्या जखमांवर) विसाव्या शतकात काम केलं.

मे अखेरीस भूल देऊन दोन लहान छेद घेतले, पू काढला आणि एका तोंडातून दुसऱ्यात रेशमी धागे ओवून टोकं सैल बांधली. मला लगेच आयुर्वेदातलं क्षारसूत्र, म्हणजे भगंदरावर बांधायचं औषधी सूत, आठवलं. पण ते आवळून बांधतात आणि ते हळूहळू मांस कापत जातं; हा धागा कापत नाही. रोज ड्रेसिंगला नर्स तो धुवायची, त्यावर औषधाची पूड लावून सरकवायची, म्हणजे औषध आत आणि घाण बाहेर. तो सरकवण्याचा क्षण! दुखण्यापेक्षा शिसारीच जास्त.

पूड तांबूस होती. विचारलं तर म्हणे नऊ भाग जिप्सम, एक भाग पाऱ्याचं संयुग. आपल्या आयुर्वेदातल्या रसशास्त्रातही, म्हणजे धातू-खनिजांच्या औषधांतही, पारा आहे हे खरं, तरी पोटात गोळा आला. मृत मांस निघेपर्यंतच, थोडेच दिवस वापरली, आणि मूत्रपिंडाची तपासणी मी आग्रहाने करून घेतली. नीट आली. बाहेरून लावायच्या पिवळ्या मलमात हळद निघाली. आईला व्हिडिओ कॉलवर हे सांगायला नको होतं. "मी पहिल्या दिवशीच लेप लाव म्हटलं होतं!"

बाराव्या दिवशी धागा काढला. मग पोकळीच्या भिंती चिकटाव्यात म्हणून कापसाच्या घड्या ठेवून वर घट्ट पट्टी. जूनचा तो चिकट पाऊस, कोकणासारखा दमट, त्यात ही पट्टी. सगळ्या उपचारात हाच भाग नको झाला होता.

काढ्याने दोन आठवडे पोट बिघडलं. प्रमाण बदलल्यावर थांबलं. लिव्हरची तपासणी दर महिन्याला. पथ्यात कोळंबी, खेकडे, मटण, तिखट बंद. सूज चाळवणाऱ्या खाण्याला इथे 'फा-वू' म्हणतात. मालवणी बाईला याहून मोठी शिक्षा नाही.

गुण कशाने आला? माझ्या मते तपासणीचा तुकडा आणि पू काढणं यांना पहिला मान, धागा आणि रोजच्या ड्रेसिंगला दुसरा. काढ्याचं श्रेय मला देता येत नाही, कारण हा आजार काही जणींचा नुसत्या देखरेखीखालीही हळूहळू निवतो. जुलैत शेजारी लहान गाठ आली होती, ती छेद न घेता बसली. काढ्याने की आपोआप, देव जाणे.

आता दोन पुसट व्रण आणि बोटाच्या टोकाएवढा खळगा उरलाय. ब्लाउज घातला की मलाच कळतो. सोनोग्राफी दर तीन महिन्यांनी. आणि नोव्हेंबर म्हणजे इथे केसाळ खेकड्यांचा हंगाम. परवा डॉक्टरीणबाईंनी एक खायची परवानगी दिली. मी दोन खाल्ले.