गोवा की सिंगापूर? कॅसिनोच्या दारातला फरक

दिवाळीत घरी तीनपत्ती रंगते, तेव्हा कुणी जास्तच हरायला लागलं की मामी चहाचं निमित्त काढून पत्ते गोळा करते. कॅसिनोत ही मामी कोण? ऑफिसच्या मंडळींचं गोवा की सिंगापूर असं चाललं असेल आणि सोबत ‘हा शेवटचा डाव’ असं तीनदा म्हणणारा एखादा मित्र असेल, तर हॉटेलच्या भाड्याआधी हे बघून घ्या.

सिंगापूरने मामीला थेट कायद्यातच बसवलंय. तिथे कॅसिनो दोनच, मरीना बे सँड्स आणि रिसॉर्ट्स वर्ल्ड सेंटोसा. दोन्ही 2010 साली उघडले, पण जुगाराच्या व्यसनावर काम करणारी राष्ट्रीय परिषद 2005 मध्येच स्थापन झाली होती. नागरिक आणि कायम रहिवासी यांना दारातच 150 सिंगापूर डॉलर मोजावे लागतात, म्हणजे दहा हजार रुपयांच्या आसपास. 2019 च्या वाढीआधी शंभर होते. मुदत चोवीस तासांची. पुढे खेळायचं तर पुन्हा भरा. या पैशांच्या चिप्स मिळत नाहीत.

मला महत्त्वाची वाटते ती बंदीची यादी. माणूस स्वतःहून स्वतःचं नाव त्यात घालू शकतो, आणि एकदा घातलं की निदान वर्षभर ते निघत नाही. म्हणजे रात्री शहाणपण सुचलं आणि सकाळी विरलं, तरी यादी कायम. नवरा-बायको, आईवडील, भावंडं, मुलं अशा जवळच्या माणसांनाही अर्ज करून एखाद्यावर बंदी आणता येते. दिवाळखोर ठरलेले आणि सरकारी मदतीवर जगणारे आपोआप यादीत जातात. स्थानिकांना उधारीवर खेळायला मिळत नाही. खात्यात एक लाख डॉलर ठेवणारी बडी गिऱ्हाइकं तेवढी अपवाद. कॅसिनोच्या आत एटीएमही नाही. पैसे काढायला उठून बाहेर जावं लागतं आणि तेवढ्या वेळात डोकं थोडं थंड होतं, असा त्यामागचा साधा हिशेब.

पण 150 डॉलरची भिंत तुमच्या-माझ्यासाठी नाही! वय 21 पूर्ण असलं आणि भारतीय पासपोर्ट दाखवला की फुकट आत. तिथे नोकरीच्या परवान्यावर राहणारा पुण्याचा इंजिनिअरही फुकटच जातो. कायम रहिवासी झाला की त्याला दारात पाकीट काढावं लागतं. मात्र तिथे काम करणाऱ्या परदेशी माणसाला स्वतःवर बंदी घालून घेता येते, आणि असे अर्ज करणारे पुष्कळ आहेत.

आता गोवा. 1976 च्या जुगारबंदी कायद्यात आधी पंचतारांकित हॉटेलांतल्या मशिनांसाठी आणि मग पाण्यावरच्या जहाजांसाठी दुरुस्त्या झाल्या. त्यातून पणजीसमोर मांडवीत ही तरंगती दिव्यांची आरास उभी राहिली. दारात आधार किंवा दुसरं ओळखपत्र बघतात, वयाची अट इथेही 21 ची. ओळखपत्र बघण्याचं आणखी एक कारण आहे: 1 फेब्रुवारी 2020 पासून गोंयकारांना खेळायला आत जाता येत नाही. सिंगापूर आपल्या माणसाला पैशाने अडवतं, गोवा सरळ नकार देतं. राखण दोघेही आपापल्या घराची करतात, आणि आपण दोन्हीकडे पाहुणे. सिंगापूरसारखी सगळ्या कॅसिनोंना बांधील सरकारी बंदी-यादी गोव्यात नाही. सोलापूरहून आलेल्या माणसाची बायको गोवा सरकारकडे अर्ज करून त्याचं नाव कुठे घालू शकत नाही.

गोव्यात प्रवेशासाठी पॅकेज घ्यावं लागतं. त्यात जेवण, दारू आणि थोड्या चिप्स धरलेल्या असतात. या बहुतेकदा ‘ओटीपी’ चिप्स असतात: एकदाच लावायच्या, परत देऊन रोख मागायची नाही. पॅकेजला सिनेमाच्या तिकिटासारखं धरलं, तर गोवा स्वस्त आणि मजेचा. पण तिकिटातच दारू असल्यामुळे मामीला आधीच झोपवून ठेवलंय, हे विसरू नका.

तपासणीबद्दल एक गैरसमज सर्रास असतो. पॅन, पासपोर्ट, पैसा कुठून आला ही चौकशी काळा पैसा धरण्यासाठी आहे, तुम्हाला वाचवण्यासाठी नाही. भारतात 2009 च्या दुरुस्तीने कॅसिनो मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आले, आणि दहा लाखांवरच्या रोख व्यवहारांची माहिती त्यांना केंद्राच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाला द्यावी लागते. सिंगापूरने 2024 च्या कायदाबदलात गिऱ्हाइकाच्या चौकशीची मर्यादा 4,000 डॉलरवर आणली. दोन्हीकडचा कारकून तुमचे कागद तपासेल, पण ‘पगार किती, हरलात किती’ असं आपुलकीने विचारेल ही आशा ठेवू नका.

कराचं थोडक्यात. भारतात जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के आयकर, आणि आधीच्या रात्री हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत. 22 सप्टेंबर 2025 पासून कॅसिनोवर जीएसटी 40 टक्के झालाय, तोही चिप्ससाठी दिलेल्या रकमेवर. म्हणजे पत्ता उघडण्याआधीच पाहुणा मागे पडलेला.

मग निवड? स्वतःवर ताबा असेल आणि एक रात्र गंमत करायची असेल, तर गोवा. मोबाइल हॉटेलच्या तिजोरीत ठेवा, कारण खरं एटीएम आता तोच आहे. आणि निघायची वेळ आधी ठरवा, कारण उठायचं ठरलं तरी किनाऱ्यावर नेणाऱ्या फीडर बोटीची वाट बघावी लागते आणि त्या पंधरा मिनिटांत आणखी दोन डाव होतात. सिंगापूरला नोकरीसाठी जात असाल आणि हाताला खाज असल्याचं स्वतःला माहीत असेल, तर घर लावण्याआधी बंदीचा अर्ज करून टाका. तिथली मदतवाहिनी 1800-6-668-668. इथे 14416 वर टेली-मानस आहे, मराठीत बोलता येतं.

आणि तो ‘शेवटचा डाव’वाला मित्र? त्याला घेऊन दोन्हीकडे नको. गोव्यालाच जायचं ठरलं, तर सांता मोनिका जेटीवरून गोवा पर्यटन महामंडळाची संध्याकाळची बोट सुटते, नाचगाण्यासकट. फक्त चढताना बोट नीट बघा, कॅसिनोच्या फीडर बोटी तिथून फार लांब नसतात.