स्लीव्हनंतर २८ महिने: ठरवलेलं वजन आणि टिकलेलं वजन

जानेवारी २०२३ मध्ये नाशिकला माझी स्लीव्ह झाली, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठर कापून लहान करायचं ऑपरेशन. त्या सकाळी काट्यावर ११२ किलो, उंची १५७ सेंटीमीटर, वय ४३. साखरेच्या दोन गोळ्या, बीपीची एक, आणि शाळेच्या तीन पायऱ्या चढायच्या तर कठडा धरावा लागे. आज मी ७६ च्या आसपास आहे. ऑपरेशन कसं होतं, किती दुखतं हे सगळीकडे वाचायला मिळतं, म्हणून ते सोडते. (फार दुखलं नाही. चौथ्या दिवशी धुळ्याला घरी.) मला लिहायचंय ते थांबायचं कुठे याबद्दल. त्यात माझे सात-आठ महिने फुकट गेले.

डिस्चार्जच्या फाईलमध्ये एक छापील कागद होता. त्यावर पेनाने गोल केलेलं: आदर्श वजन ६१. मी घरी येऊन कपाटाच्या दाराला आतून ६१ चा कागद चिकटवला. तो आकडा माझ्या शरीराकडे बघून कुणी काढलेला नव्हता. मीटरमधल्या उंचीचा वर्ग गुणिले २५, बास. २५ ही बीएमआयची (किलोतलं वजन भागिले उंचीचा वर्ग) नेहमीची मर्यादा. भारतीयांसाठी ती २३ धरतात, तसं धरलं तर तो आकडा ५७ होतो. लग्नातही मी ५८ ची होते.

तिसऱ्या महिन्याच्या तपासणीला डॉक्टर सहज बोलून गेले की स्लीव्हमध्ये जादा वजनाच्या साधारण ६० ते ७० टक्के उतरलं तर आम्ही ते यश धरतो. परतीच्या एसटीत, चांदवडच्या अलीकडे, तिकिटाच्या मागे हिशोब मांडला. गणित शिकवते, सवय आहे. जादा वजन ११२ वजा ६१, म्हणजे ५१. त्याचे साठ टक्के ३१, सत्तर टक्के ३६. म्हणजे मी ७६ ते ८१ च्या मध्ये कुठेतरी थांबणार. आणि कपाटावर ६१! हा हिशोब ऑपरेशनच्या आधी कुणी करून दाखवला असता तर मी ऑपरेशन केलंच असतं, पण तो कागद चिकटवला नसता. हॉस्पिटलबद्दल माझी पहिली तक्रार हीच. नाव लिहीत नाही, हात चांगले होते त्यांचे.

पण हिशोब कळला म्हणून मन ऐकतं थोडंच. पहिलं वर्ष वजन आपोआप उतरतं. जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकलेला असतो, आणि घ्रेलिन नावाचं भुकेचं संप्रेरक मुख्यतः त्याच भागात तयार होतं. त्यामुळे भूक लागतच नाही, जेवायची आठवण करावी लागते. आठव्या महिन्यात ८३, वर्षाला ७५. मला वाटलं, डॉक्टरांची टक्केवारी दुसऱ्यांसाठी, माझ्यासाठी नाही. मग मी अर्धी भाकरी होती तिची चतकोर केली, संध्याकाळचं जेवण ताकावर आणलं, पांझरा नदीच्या काठाने दोन वेळा चालायला लागले. पंधराव्या महिन्यात ७१.५. तेवढंच. त्याखाली काटा हलला नाही.

त्या महिन्यातला माझा फोटो मी कुणाला दाखवत नाही. डोळे आत, गळ्याला चुण्या. केस पाचव्या महिन्यात गळाले होते ते बऱ्याच जणांचे गळतात आणि परत येतात. हे दुसऱ्यांदा गळायला लागले. हिमोग्लोबिन ८.८. दुसऱ्या तासाला फळ्याशी उभी असताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. माहेरी, अमळनेरकडे गेले तर आई दारातच म्हणाली, "वं माय, तुनं तोंड कसं उतरी गयं!" दवाखान्यात लोक शाबासकी देत होते आणि आई रडत होती. आईचं बरोबर होतं.

मग भूक परत आली. तारीख आठवत नाही, पण जागा आठवते. शाळेच्या व्हरांड्यात, पोषण आहाराची खिचडी उतरवत होते, त्या वासाने पोटात खड्डा पडला. सव्वा वर्षात पहिल्यांदा. मी घाबरले. ऑपरेशन फसलं, पिशवी ताणली गेली, काय काय डोक्यात आलं. आता कळतं की हे बहुतेकांना होतं, आणि तळ गाठल्यावर थोडं वजन परत येणंही नेहमीचंच. पण हे सांगायला कुणी नव्हतं, कारण पॅकेजमधला पाठपुरावा एका वर्षाचा. आहारतज्ज्ञ बाईंचा फोन तेराव्या महिन्यापासून लागला नाही. दुसरी तक्रार ही, आणि पहिलीपेक्षा मोठी. पहिल्या वर्षी वजन उतरवायला कुणाची गरजच नव्हती. गरज नंतर होती.

त्या दिवाळीत ७६, संक्रांतीला ७७.५. फराळ सोडा, मुख्य गुन्हेगार शेवभाजी. हे इकडच्या लोकांसाठी मुद्दाम सांगते. स्लीव्हनंतर अन्नाचे दोन प्रकार होतात, अडणारं आणि सरकणारं. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, मटकीची उसळ, अंडं, पनीर अडतं. चार घासांत पोट 'पुरे' म्हणतं. शेव मात्र रश्शात भिजली की तिचा लगदा होतो आणि तो सरळ खाली. छोट्या पोटाला कळतसुद्धा नाही. मी एकदा भाकरीशिवाय नुसती शेवभाजी मोठी वाटी भरून खाल्ली, तासाभराने परत तेवढीच. हाच गुण केळीच्या वेफर्सचा, मुरमुऱ्यांचा, चहात बुडवलेल्या बिस्किटाचा, आणि आमरसाचा तर विचारू नका. भरीत उलट बिचारं निर्दोष, त्यात तेल किती ओततात तेवढं बघायचं. हिवाळ्यात शेतातल्या भरीत पार्टीला मी निर्धास्त जाते, कळण्याच्या भाकरीचा चतकोर आणि भरीत, आणि सगळ्यांच्या आधी उठून पातीच्या कांद्यावरून भांडते.

संक्रांतीनंतर मी नाशिकला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी काट्याकडे न बघता विचारलं, "कितीवर असताना तुम्ही धड जगत होतात?" घरी येऊन जुन्या डायऱ्या काढल्या. ७४ ते ७७ च्या दरम्यान असताना काय काय होतं ते लिहिलं: साखरेची गोळी बंद आणि तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी (एचबीए१सी) ५.८ (ऑपरेशनआधी ८.६). बीपीची गोळी अर्धी. हिमोग्लोबिन ११ च्या वर. घरातलंच जेवण, वेगळा डबा नाही. आणि लळिंगचा किल्ला. मुलांच्या सहलीत मी दोन वर्षं खाली बसमध्ये बसून राहिले होते. ७५ ची असताना वरपर्यंत गेले, एका ठिकाणी बसून, पण गेले. ७१ ची असताना लळिंग झालाच नसता, पायात जीवच नव्हता. तेव्हा ६१ चा कागद काढला आणि तिथे ७४–७७ लिहिलं. शिवाय लोंबणारी कातडीही काट्यावर माझ्याबरोबर उभी राहते, ती किती किलोची आहे देव जाणे. ती कापायचं ऑपरेशन वेगळं, खर्च वेगळा. माझ्याकडून होणार नाही.

टिकवण्यासाठी करते ते फार नाही. वजन फक्त सोमवारी, सकाळी, चहाच्या आधी. काटा फरशीच्या एकाच चौकोनात, कारण आमची फरशी वाकडी आहे आणि दुसऱ्या चौकोनात ठेवला की सातशे ग्रॅम कमी दाखवतो (मोह होतो). ७७ च्या वर सलग दोन सोमवार गेले की घरातली शेव, बिस्किटं, फरसाण शेजारी जातं आणि ताटात आधी अंडं, डाळ, दही, मग भाकरी. रोज ६० ग्रॅमच्या वर प्रथिनं व्हायला हवीत. मिळालेल्या तक्त्यात ओट्स आणि ब्रोकोली होती. मी उडदाची घट्ट डाळ, मटकी, अंडी आणि घरचं दही यांवर भागवते, कमी पडलं तर पावडरचा एक डाव. जेवताना पाणी नाही, नंतर अर्धा तास नाही. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व जन्मभर. यात टाळाटाळ करणाऱ्यांनी माझं ८.८ आठवावं.

धुळ्याच्या उन्हाळ्याचं वेगळं सांगते. घटाघट पाणी पिताच येत नाही, दोन घोट आणि थांबा. पहिल्या मेमध्ये, ४३ अंशांत, एका लग्नात दुपारभर उभी राहिले आणि संध्याकाळी सलाईनवर होते. आता मार्च ते जून बाटली हातात, दर दहा मिनिटांनी दोन घोट, मुलं हसतात.

छातीतली जळजळ मात्र ऑपरेशनआधी नव्हती, आता आहे. रात्री आठनंतर जेवले तर उशा दोन. ज्यांना आधीपासून ॲसिडिटीचा जोर आहे त्यांनी स्लीव्ह की जठराचा बायपास (वजनासाठीचंच दुसरं ऑपरेशन) हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. मी विचारलं नाही. खर्च तीन लाखांच्या वर गेला. विमा कंपनीने बीएमआय ३५ च्या वर आणि सोबत मधुमेह, हे बघून बराचसा दिला, पण आधीचे सगळे उपाय केल्याचे कागद मागितले. जुन्या चिठ्ठ्या जपून ठेवा.

घरच्यांचं काय, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त बायका विचारतात. श्रावणात कानबाईच्या रोटाला, म्हणजे देवीच्या प्रसादाला, नाही म्हणता येत नाही. भाऊबंदकीत संपवायचाच असतो. मी एक तुकडा घेते, बाकी दिराच्या ताटात. ऑपरेशननंतरच्या पहिल्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मी आईच्या आग्रहाने खापरावरचा अर्धा मांडा रसात बुडवून खाल्ला होता, आणि दहाव्या मिनिटाला मागच्या अंगणात उलटी. आई तेव्हा गप्प झाली होती.

यंदाच्या आखाजीला तिने न विचारता चतकोर मांडा वाढला, वाटीत दोन चमचे रस. उरलेले दोन मांडे फडक्यात बांधून दिले, "जावाईले दे." सोमवारी ७६.९ होते. मांडे अजून डब्यात आहेत, आणि जावई दौऱ्यावर.