अर्काइव्ह टेपवर की क्लाउडवर?

रोजच्या इन्क्रिमेंटल बॅकअपला क्लाउड बरा, यावर वाद नको. बदललेल्या फायली रात्रीत चढतात, टेप (डेटा साठवायची चुंबकीय फीत) बदलायला कुणी लागत नाही. ऑब्जेक्ट लॉक (फायली पुसण्यावरचं कुलूप) कम्प्लायन्स या कडक मोडमध्ये लावलं की मुदत संपेपर्यंत ॲडमिनलाही त्या पुसता येत नाहीत.

अडतं ते वर्षानुवर्षं ठेवायच्या डेटाशी. महिन्याचं भाडं पाहिलं तर डीप अर्काइव्ह, म्हणजे क्वचित लागणाऱ्या डेटासाठीचा क्लाउडचा साठा, स्वस्त वाटतं, आणि ठेवण्यापुरतं ते आहेही. पण ॲमेझॉनच्या ग्लेशियर डीप अर्काइव्हमधली फाइल थेट उतरवता येत नाही. आधी रिस्टोअरची विनंती टाकायची, मग 12 तासांपर्यंत थांबायचं. स्वस्तातला बल्क पर्याय घेतला तर 48 तासांपर्यंत. त्यानंतर मिळते ती तात्पुरती प्रत, तीही विनंतीत लिहिले तेवढेच दिवस. गाडी अडकते ती इथे. 100 एमबीपीएसची लाइन पूर्ण मोकळी मिळाली तरी 10 टीबी उतरवायला नऊ दिवसांहून जास्त लागतात. विनंतीत पाच दिवस लिहिले असतील तर काम निम्म्यावर असतानाच प्रती गायब. उरलेल्यासाठी पुन्हा विनंती, पुन्हा वाट पाहणं. (मुदत संपण्याआधी तीच विनंती जास्त दिवसांची करून पाठवली तर मुदत वाढते. हे बहुधा सहाव्या दिवशी कळतं.) डेटा बाहेर काढण्याचे पैसे वेगळेच.

तोच 10 टीबी एलटीओ-9 च्या (एलटीओ या टेप-प्रकाराच्या नवव्या पिढीच्या) एका कार्ट्रिजवर मावतो आणि 400 एमबी प्रति सेकंद वेगाने सात तासांत वाचून होतो. माझ्यासाठी निर्णय इथेच झाला.

अर्थात टेपचेही नखरे आहेत. बारीक फायली नेटवर्कवरून अडखळत आल्या की टेप थांबते, मागे जाते, पुन्हा धावते. या शू-शायनिंगने वेग जातो, हेड आणि टेप दोन्ही झिजतात. म्हणून डेटा आधी एसएसडीवर जमवून मगच टेपवर सोडावा. एलटीओ-9 चं कोरं कार्ट्रिज पहिल्यांदा घातलं की जुळवणीला दोन तासांपर्यंत लागू शकतात. ड्राइव्ह अडकला समजून मध्येच रीसेट करू नका. पिढ्यांचं दुखणं याहून मोठं: एलटीओ-9 चा ड्राइव्ह 8 च्या टेपा वाचतो, 7 च्या नाही, आणि एलटीओ-10 तर 9 च्या सुद्धा वाचत नाही. जुना ड्राइव्ह सांभाळा, नाहीतर दर काही वर्षांनी डेटा नव्या टेपांवर उतरवा.

एकूण डेटा दोन-चार टीबीच असेल तर ड्राइव्हचा खर्च कदाचित निघणार नाही. तिथे नुसता क्लाउड चालेल. त्यापुढे मात्र रोजचं क्लाउडवर, महिन्याचा फुल बॅकअप आणि अर्काइव्ह दोन टेपांवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत, ही मांडणी मला बरी वाटते. बॅकअप सॉफ्टवेअरच्या कॅटलॉगची (कोणती फाइल कुठल्या टेपवर आहे त्या यादीची) प्रत क्लाउडमध्ये हवीच, नाहीतर एका फाइलसाठी टेपा पहिल्यापासून वाचत बसावं लागतं. एन्क्रिप्शनची किल्ली फक्त बॅकअप सर्व्हरवर ठेवली आणि सर्व्हर गेला, तर टेप धडधाकट असूनही हाती काही लागत नाही.

तीन महिन्यांतून एकदा एक टेप काढून रिस्टोअर करून पाहा, तेही शक्यतो दुसऱ्या ड्राइव्हवर. बिघडत चाललेला ड्राइव्ह कधीकधी स्वतःची टेप बिनतक्रार वाचतो, दुसऱ्याला तीच वाचता येत नाही.